बसून १३४, उभं राहून १०८: एका ८१ वर्षांच्या रुग्णाच्या औषधांची साखळी

रुग्ण बाई ८१ वर्षांच्या, वजन ४६ किलो. सोबत आलेल्या मुलीने दोन गोष्टी सांगितल्या. आई चार दिवसांपासून भलतंच बोलते आहे, आणि गेल्या पंधरवड्यात ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडल्या त्या रात्री दोनच्या सुमारास, लघवीला उठताना. कपाळाला टाके पडले, हाड वाचलं. त्याच रात्री आपत्कालीन विभागात डोक्याचा सीटी झाला. त्यात वयानुसार मेंदू आकसल्याच्या खुणा आणि बारीक रक्तवाहिन्यांचे जुने बदल दिसले, रक्तस्राव नव्हता. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय वाढला. घरी सोडताना कागदावर दोन निदानं होती: लघवीचा जंतुसंसर्ग, आणि ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’. सोबत सात दिवसांचं अँटिबायोटिक आणि पुढे डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध सुरू करण्याचा सल्ला.

हे प्रकरण चर्चेसाठी रचलेलं आहे. रुग्ण काल्पनिक आहे, पण तिच्या औषधांची यादी अजिबात काल्पनिक वाटणार नाही. अशा याद्या वृद्धांच्या ओपीडीत रोज येतात. ज्या संशोधनाचा उल्लेख पुढे येतो ते खरं आहे, आणि या प्रकरणात ते दोन्ही बाजूंनी कामाला येतं: औषध का दिलं हे त्यातून कळतं, आणि तेच औषध या बाईंना का लागू पडत नव्हतं हेही.

मुलीला विचारलं, ‘महिन्याभरापूर्वी कशा होत्या?’

‘महिन्याभरापूर्वी? डॉक्टर, गेल्या आठवड्यापर्यंत आई घरखर्चाचा हिशोब स्वतः लिहीत होती. वीजबिलात चूक तिनेच काढली.’

‘आणि आता? दिवसभर सारखीच असते?’

‘नाही ना. सकाळी बरी असते, मला नावाने हाक मारते. संध्याकाळी मलाच विचारते, तुम्ही कोण.’

निदानाचं अर्धं काम इथेच झालं. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत चढतो. चार दिवसांत आलेला आणि सकाळ-संध्याकाळ बदलणारा गोंधळ म्हणजे, उलट सिद्ध होईपर्यंत, डिलिरियम. शॅरन इनौये आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली तपासणीपद्धत याच दोन प्रश्नांनी सुरू होते: सुरुवात अचानक झाली का, अवस्था वरखाली होते का? मग लक्ष टिकतं का हे पाहायचं. आणि शेवटी विचार विस्कळीत आहेत का किंवा जागेपणाची पातळी बदलली आहे का, यांतलं एक. बाईंना वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. ‘डिसेंबर, नोव्हेंबर…’ इथे थांबल्या, खिडकीकडे पाहिलं, म्हणाल्या, ‘मला काही झालेलं नाही. मला झोपू द्या.’ पुन्हा विचारल्यावर डोळे मिटले. आरडाओरडा नाही, भास नाहीत, नुसती गुंगी. हा शांत डिलिरियम सर्वात जास्त निसटतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही. (दोन्ही कानांत मळ गच्च होता. तो काढल्यावर निम्मे प्रश्न तरी ओरडून विचारावे लागले नाहीत. ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी आणि बहुतेक वेळा होतच नाही.)

डिलिरियम म्हटल्यावर कारण शोधणं आलं, आणि कारण तर हातात तयार होतं: कल्चर पॉझिटिव्ह. मला यावर थोडं थांबायचं आहे, कारण वृद्धांच्या उपचारात सर्वात जास्त वेळा घेतलेला चुकीचा शॉर्टकट हाच असावा. म्हातारपणी लघवीत जंतू सापडणं आणि जंतुसंसर्ग असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घकालीन देखभाल केंद्रांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्के जणींच्या लघवीत कसलीही तक्रार नसताना जंतू सापडतात, पांढऱ्या पेशीही सापडतात. म्हणून गोंधळलेल्या कुठल्याही वृद्धेची लघवी तपासली की ‘कारण’ मिळण्याची शक्यता भरपूर, आणि ते मिळालं की शोध थांबतो. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत याबद्दल नेमकं सांगितलं आहे: डिलिरियम आहे, लघवीत जंतू आहेत, पण ताप, जळजळ, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं यांतलं काही नाही आणि रक्तदाबही घसरलेला नाही, तर अँटिबायोटिक न देता दुसरी कारणं शोधा आणि रुग्णावर बारीक लक्ष ठेवा. बाईंना ताप नव्हता. जळजळ नव्हती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेहमीसारख्या होत्या.

मुलीला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. चिठ्ठ्या नव्हे, औषधं. टेबलावर पिशवी उलटी केली आणि पाकिटं एकेक करून मांडली. बीपीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी: टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या नावाची ॲम्लोडिपिन ५. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड ४०. मूत्राशय आवरणारी ऑक्सिब्युटिनिन ५, दिवसातून दोनदा. साखरेसाठी ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५००, दोनदा. ॲस्पिरिन ७५. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन १०. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल. रात्री झोपेसाठी अल्प्राझोलॅम ०.५. आणि नवं अँटिबायोटिक.

ॲम्लोडिपिन दोनदा आहे हे कागदावर दिसलं नसतं. तीन औषधांची गोळी आल्यावर जुनी बंद करायची राहून गेली. घरच्यांच्या लेखी ती ‘बीपीची जुनी गोळी’ आणि ही ‘बीपीची नवी गोळी’. म्हणजे दिवसाला १० मिलिग्रॅम.

साखळी कशी जुळली

मुलीच्या वहीत कोणतं औषध कधी सुरू झालं याच्या तारखा होत्या, त्यामुळे क्रम लावता आला. सात महिन्यांपूर्वी नवी गोळी आली. दीड महिन्याने पाय सुजले. सुजेवर फ्युरोसेमाइड. त्यानंतर दिवसभर लघवीची घाई आणि रात्री तीन-चारदा उठणं, दोन-तीनदा अंथरूण ओलं. त्यावर ऑक्सिब्युटिनिन. मग तोंड कोरडं, शौचाला कठीण, जेवण कमी. लघवी पुन्हा होऊ नये म्हणून बाईंनी पाणीही कमी केलं. शेवटी गोंधळ आणि पडणं. आणि त्या गोंधळावर आता डोनेपेझिल येऊ घातलं होतं.

पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९० च्या दशकात या प्रकाराचं नीट वर्णन केलं: औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध. २०२० मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या ६६ वर्षांपुढच्या लोकांच्या नोंदींवरून दिसलं की ॲम्लोडिपिनच्या गटातलं औषध नव्याने सुरू झालेल्यांना पुढच्या तीन महिन्यांत फ्युरोसेमाइडसारखं औषध मिळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. त्याच प्रांतातल्या २००५ च्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना डोनेपेझिलच्या गटातलं औषध मिळालं की मूत्राशय आवरणारं, ऑक्सिब्युटिनिनसारखं औषध मिळण्याची शक्यता वाढलेली आढळली. ही दोन औषधं एकमेकांच्या नेमकी विरुद्ध काम करतात. बाईंच्या यादीत ती दोन्ही एकत्र नांदली असती.

या साखळीतला पायाच्या सुजेचा दुवा समजून घेण्यासारखा आहे. ॲम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, शिरा तितक्या नाही. केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. शरीरात एकूण पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी साठतं. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने सूज फारशी हटत नाही, रक्तातलं पाणी मात्र घटतं. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. म्हणजे रात्रीच्या उठण्याला फ्युरोसेमाइड एकटं जबाबदार नव्हतं, त्याच्या आधीची सूजही होती. त्या रात्री दोनच्या पडण्याची तयारी सात महिन्यांपूर्वीच्या पाकिटात सुरू झाली होती.

तपासणीत काय सापडलं

बसून रक्तदाब १३४/७४. हा आकडा पाहून कुणीही समाधानाने मान डोलावली असती, आणि सात महिने डोलावलीही. पाच मिनिटं आडवं ठेवून घेतला तेव्हा १४६/७८, नाडी ७२. उभं राहून एक मिनिटाने १०८/६२, नाडी ९४. तीन मिनिटांनी ११२/६४. बाई पलंगाचा कठडा घट्ट धरून उभ्या होत्या, ओठ पांढरे पडले होते, आणि ‘चक्कर येते का’ या प्रश्नाला उत्तर होतं, ‘नाही.’ लक्षणं विचारून हे निदान होत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर तो उभं राहताना घसरणारा रक्तदाब. इथे ३८ ची घसरण होती. नाडी २२ ने वाढली, हे त्यातल्या त्यात बरं. वरच्या आकड्यातल्या घसरणीच्या मानाने नाडी जवळजवळ वाढलीच नसती तर मज्जातंतूंच्या बिघाडाकडे बोट गेलं असतं. ती वाढली, म्हणजे दोष बहुधा कमी पाण्याचा आणि औषधांचा, म्हणजे दुरुस्त होणारा.

लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात २६० मिलिलिटर उरलेली. ऑक्सिब्युटिनिनने मूत्राशय इतका ढिला केला होता की तो रिकामाच होत नव्हता, आणि घाई मात्र तशीच. त्याच औषधाचा मेंदूवरचा परिणाम समोर बसलेला होता.

सोडियम १२७, म्हणजे बरंच कमी. पोटॅशियम ३.४, थोडं कमी. बी १२ कमी. मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल ही दोन्ही औषधं वर्षानुवर्षं घेतल्यास बी १२ घटवू शकतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज, ६.३ टक्के. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३, अहवालात जेमतेम वरच्या मर्यादेबाहेर. पण ४६ किलोच्या, स्नायू उरलेच नाहीत अशा बाईंमध्ये १.३ चा अर्थ वेगळा. नव्या सूत्राने मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग साधारण ४१ येतो; वजन धरणाऱ्या, १९७६ च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने जेमतेम २५. दोन्हींतलं ‘खरं’ कोणतं यावर वाद घालता येईल, पण मूत्रपिंड निम्म्याहून कमी ताकदीने चालतं यावर नाही. औषधांच्या मात्रा ठरवताना मी अशा अंगकाठीच्या रुग्णात कमी आकडा समोर ठेवतो.

संशोधन काय म्हणतं, आणि कोणाबद्दल

या यादीतलं एकही औषध बेजबाबदारपणे लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकामागे कुठला ना कुठला चांगला अभ्यास उभा आहे. अडचण अशी की त्या अभ्यासांत या बाईंना प्रवेशच मिळाला नसता.

८० वर्षांपुढे रक्तदाबावर उपचार करावेत का, हा प्रश्न हायव्हेट या चाचणीने २००८ मध्ये जवळपास निकालात काढला. ३,८४५ रुग्ण, सगळे ८० किंवा पुढचे. औषध घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. पण तिथलं लक्ष्य १५०/८० होतं, आणि आत येण्यासाठी उभं राहून वरचा दाब किमान १४० हवा होता. मग २०१५ मध्ये स्प्रिंट आली. वरचा दाब १२० च्या खाली आणल्याने हृदयविकार आणि मृत्यू घटले, ७५ पुढच्यांतही. प्रामाणिकपणे सांगायचं तर अशक्त वृद्धांतही फायदा दिसला, त्यामुळे ‘म्हातारे आहेत, बीपी राहू दे’ असं सरसकट म्हणणाऱ्यांना स्प्रिंट आडवी येते. मात्र स्प्रिंटमध्ये मधुमेही नव्हते, आधी पक्षाघात झालेले नव्हते, स्मृतिभ्रंशाचं निदान झालेले नव्हते, आणि उभं राहून एक मिनिटाने वरचा दाब ११० च्या खाली जाणारेही नव्हते. बाई दोन कारणांनी बाहेर: मधुमेह, आणि उभं राहून १०८.

ॲस्पिरिनचं उत्तर सोपं. बाईंना कधी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला नाही. २०१८ च्या ॲस्प्री चाचणीत १९,११४ निरोगी वृद्धांमध्ये रोजच्या ॲस्पिरिनने धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. त्याच वर्षी मधुमेहींवरच्या असेंड चाचणीत थोडा फायदा दिसला आणि रक्तस्रावाने तो जवळपास खाऊन टाकला. बाई पडतात, हे त्यात धरलेलंच नाही.

साखरेचं तसंच. अकॉर्ड चाचणीत एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याच्या खटाटोपात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग थांबवला गेला. तिथल्या सहभागींची वयोमर्यादा ७९ होती. ८१ व्या वर्षी, जेवण घटलेलं आणि मूत्रपिंड मंद, अशा अवस्थेत ग्लिमेपिराइडवर ६.३ हा आकडा शाबासकीचा नव्हे, धोक्याचा. रात्री साखर किती खाली जात होती हे कुणी मोजलंच नव्हतं.

काय बंद केलं, कोणत्या क्रमाने

सगळं एकदम बंद करावं असा मोह होतो. मी तो टाळावा असं म्हणेन, पण डिलिरियम चालू असताना एकेक औषध महिनाभर थांबत काढणंही परवडत नाही. पहिल्याच दिवशी गेलं ते: ऑक्सिब्युटिनिन, फ्युरोसेमाइड, तीन औषधांची गोळी आणि जुनी ॲम्लोडिपिन दोन्ही, ग्लिमेपिराइड, ॲस्पिरिन, अँटिबायोटिक. टेल्मिसार्टन ४० एकटं ठेवलं, तेही उभं राहून दाब ११० च्या वर आल्यावरच सुरू करायचं, असं ठरलं. मेटफॉर्मिन जेवण सुधारेपर्यंत थांबवलं. स्टॅटिनला हात लावला नाही. त्यावर भांडण करण्याची ही वेळ नव्हती. बी १२ ची इंजेक्शनं सुरू केली.

अल्प्राझोलॅम मात्र तसंच चालू ठेवलं. या औषधाने वृद्ध पडतात, गोंधळतात हे खरं. पण वर्षानुवर्षं घेतलेलं एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात आणि डिलिरियम आणखी भडकतो. त्याचा हिशोब नंतर.

‘आणि बीपी वाढून पक्षाघात झाला तर?’ मुलीचा प्रश्न रास्त होता. २०२० च्या ऑप्टिमाइझ चाचणीत ८० पुढच्या, दोन किंवा जास्त बीपीची औषधं घेणाऱ्या ५६९ जणांत निम्म्यांचं एक औषध कमी केलं. बारा आठवड्यांनी वरचा दाब १५० च्या खाली असणारे कमी केलेल्या गटात ८६.४ टक्के, नेहमीच्या गटात ८७.७. पण बारा आठवडे म्हणजे पक्षाघाताच्या हिशोबात काहीच नाही, हेही तिला सांगितलं. पुढच्या वर्षांचा थोडा धोका आणि उद्या रात्रीच्या पडण्याचा मोठा धोका, यांत आज निवड करायची होती. घरी बीपीचं यंत्र होतंच. आठवड्यातून तीनदा, आडवं आणि उभं, अशा दोन नोंदी ठेवायचं ठरलं.

वॉर्डातली बाकीची कामं साधी होती: चष्मा परत डोळ्यांवर, रात्री दिवे मंद, दिवसा खुर्चीत बसवणं, पाणी हातात देणं, मुलीने जवळ राहणं. इनौये यांच्याच गटाने १९९९ मध्ये अशा उपायांच्या संचाने रुग्णालयात डिलिरियम होण्याचं प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आणलं होतं. झालेल्या डिलिरियमवर त्यांचा परिणाम तितका भक्कमपणे सिद्ध नाही, तरी नुकसान कुणाचंच नाही.

पुढे

सोडियम मुद्दाम सावकाश वर येऊ दिलं. चौथ्या दिवशी १३२. अँटिबायोटिक थांबवल्यावर ताप आला नाही. मूत्राशयात उरणारी लघवी आठवड्यात ७० मिलिलिटरवर आली. लक्ष मात्र लगेच परतलं नाही. दहाव्या दिवशी बाई महिने उलटे म्हणताना जूनपर्यंत आल्या, तिसऱ्या आठवड्यात जानेवारी गाठला. पायांची सूज दोन आठवड्यांत गेली, कोणत्याही गोळीशिवाय. रात्रीचं उठणं एकदा, कधी दोनदा.

सहा आठवड्यांनी, एकट्या टेल्मिसार्टनवर, आडवं १५४/८०, उभं १३८/७६. बसून १४८. एका सहकाऱ्याने हा आकडा पाहून ॲम्लोडिपिन पुन्हा सुचवलं. युरोपच्या २०२४ च्या सूचना बहुतेकांसाठी १२० ते १२९ मागतात, पण उभं राहताना दाब घसरून त्रास झालेल्यांना आणि ८५ पुढच्यांना सैल लक्ष्य चालेल असंही म्हणतात. माझं मत तूर्त थांबण्याचं होतं. उभं राहून १३८ हा मला अभिमानाचा आकडा वाटतो. तीन महिन्यांनीही तो असाच राहिला आणि बाई पडल्या नाहीत, तर सकाळी २.५ मिलिग्रॅम ॲम्लोडिपिनची चर्चा करता येईल. एचबीए१सी ७.४, कमी मात्रेच्या मेटफॉर्मिनवर. ते तसंच राहू दिलं.

स्मृतीची चाचणी तीन महिन्यांनी घेतली, त्याआधी नाही. डिलिरियम ओसरत असताना घेतलेल्या गुणांवर काही ठरवता येत नाही. तीसपैकी २१. म्हणजे सुरुवातीची ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’ अगदीच निराधार नव्हती. मेंदूची राखीव ताकद आधीच कमी होती, म्हणून औषधांच्या भाराखाली तो इतका कोसळला. रोजचे व्यवहार त्या स्वतः करतात, हिशोबाची वही परत त्यांच्याकडे गेली आहे, बेरजा मुलगी एकदा तपासते. डोनेपेझिल सुरू केलेलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी.

राहिलं अल्प्राझोलॅम. क्युबेकमधल्या एम्पॉवर चाचणीत झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या वृद्धांना नुसती एक माहितीपुस्तिका दिली, तर सहा महिन्यांत २७ टक्क्यांनी गोळी सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्के. बाईंनीही माहिती वाचली, दर दोन आठवड्यांनी पाव हिस्सा कमी करायला तयार झाल्या. ०.५ वरून ०.२५ वर आल्या. त्याच्या खाली दोनदा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा त्या पहाटेपर्यंत जाग्या राहिल्या. ‘बाकी सगळं काढलंत, ही एवढी असू दे,’ त्या म्हणाल्या. तूर्त ०.२५ वर थांबलो आहोत, पुढची भेट दोन महिन्यांनी आहे.